तीन इन्व्हाइट आणि नऊ घरं

काउंटरवर तारेने बांधलेले दोन फोन होते आणि त्यांच्याभोवती एवढी माणसं, की रिचार्जला आलेल्या बाईंना आत शिरता येईना. रविवार होता. खोपोलीत शिळफाट्यावर वैशालीताईंचा एका शटरचा गाळा. त्यात साजगावच्या कंपन्यांतले सुट्टीवरचे कामगार, कर्जतहून बाइकवर आलेली कॉलेजची पोरं, झालंच तर पूजा आटोपून आलेले एक गुरुजी. कोणी कॅमेरा उघडून शेजारच्याचा फोटो काढत होतं, कोणी फोन नुसता तळहातावर घेऊन वजन बघत होतं. विकत मात्र कुणालाच घेता येत नव्हता. तेवढ्यात ठाण्याहून माझ्या बॉसचा कॉल आला.

"तुझ्या एरियात इन्व्हाइट मरतायत," ते म्हणाले. "पनवेलला तासाभरात उडतात. तुझ्याकडे लोक घेऊन बसतात आणि एक्स्पायर होतात. डिमांडच नाही तिथे."

"सर, मी आत्ता दुकानात उभी आहे. मला हात हलवायला जागा नाही."

"गर्दी फुकट बघायला येते. मला कन्व्हर्जन दाखव, किती जणांनी विकत घेतला ते. नाहीतर महिनाअखेरीला ते काउंटर उचल आणि पनवेलला दे."

त्यांचा आवाज मोठा. वैशालीताईंनी सगळं ऐकलं. त्या रिचार्जवाल्या बाईंना म्हणाल्या, "या वो ताई, अशा बाजूनं या."

मी तेव्हा एका मोबाइल कंपनीत एरिया सेल्स मॅनेजर होते. कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके माझे. आता मी पाण्याचे फिल्टर विकते, त्यामुळे मोकळेपणाने सांगायला हरकत नाही.

आधी ही इन्व्हाइटची भानगड सांगते. आमचा तो फोन दुकानात विकत मिळत नसे. कंपनीच्या वेबसाइटवर मिळे, आणि तोही तुमच्याकडे इन्व्हाइट असेल तरच. इन्व्हाइट म्हणजे मेसेजमधून येणारा एक कोड. तो टाकला की खरेदीचं बटण उघडायचं. दर शुक्रवारी, नाव नोंदवलेल्यांतल्या थोड्या लोकांना कंपनी सोडत काढून कोड देई. ज्याने फोन घेतला त्याला, पार्सल उघडून फोन सुरू केला की, आणखी तीन कोड मिळत, आपल्या माणसांना वाटायला. कोड दोन दिवस चाले, मग बाद. दुकानात ठेवलेले दोन फोन फक्त दाखवायचे, म्हणजे डेमो. गावागावात कुरिअर पोचत नाही, म्हणून या भागातली सगळी पार्सलं वैशालीताईंच्या काउंटरवर येत. दर पार्सलमागे त्यांना कमिशन.

फोन कमी बनत होते म्हणून ही रांग, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं. मग एकदा कामासाठी भिवंडीच्या गोदामात गेले. फरशीपासून पत्र्यापर्यंत खोकेच खोके. तिथला माणूस वैतागून म्हणाला, "मॅडम, अजून एक ट्रक येतोय, तो काय डोक्यावर ठेवू?" माल पडून असताना लोकांना "नाही" म्हणत राहायचं, याला आमच्या धंद्यात कृत्रिम टंचाई म्हणतात. ज्याला मिळतं तो मिरवतो, ज्याला मिळत नाही तो तळमळतो, आणि दोघंही आपली जाहिरात फुकट करतात. ट्रेनिंगमध्ये हे ऐकताना मला फार हुशारीचं वाटलं होतं.

गर्दी ओसरल्यावर मी वैशालीताईंना विचारलं, "काउंटर गेलं तर काय कराल?"

"काय करणार मॅडम? परत पॅकिंगला." दुकान टाकायच्या आधी त्या साजगावला एका कंपनीत पॅकिंग लाइनवर होत्या. दिवसभर उभ्याने काम, गुडघे पार गेलेले. पनवेलला जाऊन मोबाइल रिपेअरिंगचा कोर्स केला आणि हा गाळा घेतला. रिचार्ज आणि कव्हरांवर गाळ्याचं भाडं सुटत नव्हतं. आमच्या पार्सलांवर सुटत होतं. "सुपरवायजर बरा हाय," त्या म्हणाल्या. "घेईल परत." एवढं बोलून त्यांनी डेमो फोनच्या काचेवरचे बोटांचे ठसे पुसायला घेतले.

मला चौकशीची खोड आहे. एखादी गोष्ट कळली नाही की जेवण गोड लागत नाही. ज्यांनी या भागात फोन घेतले होते, त्यांना मी एकेक करून कॉल लावला. तुमचे तीन कोड कुठे गेले? उत्तरं मजेशीर होती. "राहून गेलं मॅडम." "मेसेज दिसलाच नाय." "नेट नव्हतं."

नेटचं कारण मला पटलं, कारण डोंगराच्या कुशीत रेंजचे हाल आहेत. पण नेट नव्हतं सांगणाराच रोज सकाळी शुभ सकाळचे फुलांचे फोटो पाठवत होता. मग वाटलं, लोकांना कंपनीचं ॲप कळत नसेल. तर एका फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याने मलाच माझ्या ॲपमधली एक सोय दाखवली. किंमत जास्त असेल म्हणावं, तर मागणारे रोज दारात उभे. शेवटी मनात आलं, कोड आतल्या आत विकले जातायत. पनवेलला तेच चाललं होतं आणि बॉसना ते माहीत होतं. पण विकलेला कोड वापरला जातो, तो मरत नाही. आमचे तर मरत होते.

राहता राहिलं एकच. जाऊन बघायचं.

प्रशांत साजगावच्या एका कारखान्यात मशीन ऑपरेटर. राहणारा खालापूरकडच्या एका गावातला. त्यानेही मला नेट नव्हतं म्हणून सांगितलं होतं. मी स्कूटर काढली आणि न कळवता त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिले. माझ्या फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या दिसत होत्या.

घरात त्याच्या बहिणीचं लग्न होतं. अंगणात मांडवाचे बांबू पडलेले. प्रशांतची आई आणि चुलती नुकत्याच घरोघर फिरून, अक्षता देऊन आल्या होत्या आणि ओटीवर पाय पसरून बसल्या होत्या. मी कंपनीची म्हटल्यावर प्रशांतचा चेहरा पडला. आईने मात्र लगेच पाणी दिलं.

"खरं सांग प्रशांत, कोड कुणाला दिलेस?"

"नाय दिले."

"का?"

तो आईकडे बघायला लागला. आईच म्हणाली, "अगं बाय, तीनच आले ना त्याला. आमची भावकी नऊ घरांची, आमचं सोडून. तिघांना द्यायचं नि सहा जणांना काय सांगायचं?"

"ज्यांना हवाय त्यांना द्यायचा."

"हवाय सगळ्यांनाच. नि नको असला तरी इचारायला नको?" ती सरसावून बसली. "आता आमी दोघी फिरून आलो. त्या टोकाच्या घराशी आमचं बांधावरनं बोलणं नाय. तरी गेलो. चूलबंद सांगून आलो. एक घर वगळलं तर हळदीला कोण येल गं? सगळीच घरं बसून राहतील."

चूलबंद म्हणजे अख्ख्या घराला आवतण. त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटवायची नाही, म्हातारीकोतारीसकट सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचं. इकडे आवतण असं देतात, आणि दिलं तर सगळ्या भावकीला देतात. माणसं निवडून बोलावणं म्हणजे उरलेल्यांच्या तोंडावर दार लावणं.

प्रशांत हळूच म्हणाला, "मॅडम, बाजूच्या गावात एकानं दिला. सख्ख्या चुलतभावाला सोडून मेहुण्याला. आता पोरांचं क्रिकेटसुद्धा वेगवेगळं चालतंय. मला घरात लग्न काढायचंय. मी कोड मरू दिले नि सांगितलं, आलेच नायत."

"आणि बाकीच्यांनीपण असंच?"

"सगळ्यांनीच. आमी कामावर बोलतो ना."

मी चाटच पडले. महिनाभर आम्ही ठाण्यात बसून डिमांड नाही, डिमांड नाही करत होतो, आणि इथे माणसं हातात आलेला कोड भांडण नको म्हणून जाणूनबुजून मरू देत होती.

निघताना आईने विचारलं, "तुमच्या कंपनीकडं फोन कमी हायत का?"

"नाही. गोदामं भरलीत."

"मंग मोजून कशाला देता?"

मी स्कूटरची किल्ली शोधायला लागले. किल्ली हातातच होती.

दुसऱ्या दिवशी मी ठाणे ऑफिसात गेले आणि बॉसना सगळं सांगितलं. ते हसले, पण ऐकून घेतलं. मी म्हटलं, "सर, मला एका वेळी दहा कोड द्या. एका भावकीला पुरतील एवढे."

"दहा दिले की टंचाई कुठे राहिली? मार्केटिंगवाले मला खातील."

"पण तिथे तीन दिले की शून्य विकले जातात."

"मग तिथली माणसं बदल," ते म्हणाले आणि आपल्याच विनोदावर खूश झाले. "हे बघ, कोड वाढणार नाहीत. नियमात बसवून काय करायचं ते कर."

मी परतताना शिळफाट्यावर थांबले आणि वैशालीताईंना प्रशांतच्या घरची हकीकत सांगितली. त्या एका फोनचा तुटलेला चार्जिंग पॉइंट डाग देऊन बसवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यात नवीन काय सांगितलंत? माझ्या सासरीपण हेच."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुमी नेटचं इचारत होता."

मला हसू आलं आणि रागही आला. मग त्याच म्हणाल्या, "मॅडम, भाताची लावणी कशी करतात? आज सगळी गडी-माणसं तुझ्या शेतात, उद्या माझ्या. प्रत्येकानं आपापलं लावायला घेतलं तर कुणाचंच व्हायचं नाय. कोडांचं तसं केलं तर?"

मला कळायला थोडा वेळ लागला. त्यांचं म्हणणं सोपं होतं. या शुक्रवारी ज्यांना सोडतीत फोन लागले, ते पार्सल न्यायला दुकानात येणारच. त्यांच्याकडे प्रत्येकी तीन कोड. तीन त्यांना नुसते डोकेदुखीचे. तिघांचे मिळून नऊ होतात. ते नऊही एकाच भावकीला द्यायचे. त्या घरांनी फोन घेतले की त्यांना पुन्हा तीन-तीन कोड मिळणार. ते दुसऱ्या भावकीला. मग तिसऱ्या.

"नियमात बसतं का?" त्यांनी विचारलं.

मी नियम काढून वाचले. कोड कुणालाही भेट देता येईल असं लिहिलं होतं. अनोळखी माणसाला देऊ नये असं कुठेच नव्हतं. कारण लिहिणाऱ्याच्या मनातही आलं नसेल की कोणी असं करेल.

त्या आठवड्यात एकाच दिवशी तीन पार्सलं आली. एक कर्जतच्या शाळेतल्या सरांचं, एक खोपोलीच्या टेंपोवाल्याचं, एक नर्सबाईंचं. प्रत्येकाला वैशालीताईंनी तेच सांगितलं. सर जरा कचरले. टेंपोवाला म्हणाला, "घ्या घ्या. आमच्या आळीत सोळा घरं, मी कुठं तोंड दाखवू?" नऊ कोड जमले. पहिली पाळी प्रशांतच्या भावकीची ठरली, कारण त्याच्या घरची हळद तोंडावर आली होती.

प्रशांतने त्याच संध्याकाळी नऊही घरी जाऊन विचारलं. बांधावरून अबोला असलेल्या घरीसुद्धा. पाच घरांनी फोन घेतला, चौघांनी नको म्हटलं. गंमत म्हणजे जास्त खूश ते चौघेच होते. "आमालापण आलेला. आमीच नको म्हणालो," असं ते कारखान्यात, स्टँडवर, भेटेल त्याला सांगत होते. उरलेले चार कोड त्याच दिवशी दुकानात परत आले.

त्यानंतर गाडी सुसाट सुटली. त्या पाच घरांचे कोड टेंपोवाल्याच्या आळीत गेले. आळीचे कोड सरांच्या गावी. वैशालीताई कोणाचं नाव, गाव, घरं किती एवढंच विचारायच्या आणि म्हणायच्या, "तुमची पाळी पुढल्या खेपेला. थांबाल ना?" माणसं थांबायची. एकानेही कोडाचे पैसे मागितले नाहीत. पार्सलं एवढी यायला लागली की कुरिअरवाला तक्रार करायला लागला. मीसुद्धा रोज आकडे बघून खूश. बॉसनी कॉल केला, "काय जादू केलीस?" मी म्हटलं, "लावणी." त्यांना वाटलं, नेटवर्कमुळे भलतंच ऐकू आलं.

मग एका सकाळी सगळे कोड एकदम ब्लॉक झाले.

हेड ऑफिसच्या कॉम्प्युटरला संशय आला होता. एका गावचा कोड दुसऱ्या गावच्या अनोळखी नंबरवर, आणि सगळी पार्सलं एकाच दुकानात. म्हणजे दुकानदार कोड विकतोय. चौकशीला फ्रॉड विभागाचा एक तरुण अधिकारी आला. माणूस सभ्य होता. दिवसभर दुकानात बसून येईल त्याला एकच विचारत होता, "पैसा किसने लिया?"

"कुणीच नाय," टेंपोवाला म्हणाला.

"तो फिर दिया क्यों?"

"पाळी त्यांची होती."

अधिकारी माझ्याकडे बघायचा, मी भाषांतर करायची, तरी त्याला पटेना. संध्याकाळी चहा पिताना मला हिंदीत म्हणाला, "मॅडम, चोरी झालेली नाही, हे मला कळलं. पण अडचण त्याहून मोठी आहे. ज्याला मिळालं नाही त्याला वाईट वाटावं, यावर तर ही स्कीम चालते. इथे कुणालाच वाईट वाटत नाहीये."

एवढ्या वर्षांत आमचा धंदा मला कोणी इतक्या सरळ शब्दांत समजावला नव्हता. त्याने रिपोर्टमध्ये गैरव्यवहार नाही असं प्रामाणिकपणे लिहिलं. तरी वरून निर्णय आला, की ब्रँडची प्रतिमा सांभाळायची म्हणून हे काउंटर बंद करा.

डेमो फोनच्या तारा मलाच सोडवाव्या लागल्या. मला फार लाज वाटली. एखाद्या घरी जेवून त्यांचीच ताटं उचलून न्यावीत तसं झालं. मी काहीतरी पुटपुटले, तर वैशालीताई म्हणाल्या, "तुमच्यावर राग नाय मॅडम. सुपरवायजरला फोन केलाय. सोमवारपासून ये म्हणालाय." आणि काउंटरवर तारांचे गोल डाग राहिले होते ते घासायला लागल्या. मी बाहेर येऊन स्कूटरवर तशीच बसून राहिले. संताप संताप झाला होता.

पुढच्या आठवड्यात मी शिळफाट्यावरून जाताना बंद शटर बघायची मनाची तयारी करूनच मान वळवली. शटर उघडं होतं. आत पाय ठेवायला जागा नव्हती.

"पॅकिंगला गेला नाहीत?"

"जायला वेळ कुठं हाय? बघताय ना."

झालं होतं असं. घरात नवा फोन आला की जुना बापाकडे जातो, बापाचा आजीकडे. प्रत्येक फोनचे नंबर दुसरीकडे न्यायचे, अक्षरं मोठी करायची, काच बदलायची, बॅटरी टाकायची. जेवढ्या भावक्यांत आमचे फोन गेले होते, तेवढ्यांतली सगळी घरं या कामांना वैशालीताईंकडे येत होती. ज्यांनी फोन नको म्हटला होता तीसुद्धा. खोपोलीत दुकानं काय कमी आहेत? पण या बाईने आपलं घर वगळलं नव्हतं, एवढं लोकांच्या डोक्यात पक्कं होतं. सोमवारी सुपरवायजरचा कॉल आला तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत उघडे फोन होते, त्यामुळे उचललाच गेला नाही.

काही महिन्यांनी कंपनीने इन्व्हाइट बंद केले. नवं मॉडेल यायचं होतं आणि भिवंडीचा ढीग काही हलत नव्हता. जो फोन मागून मिळत नव्हता, तो आता दुकानादुकानात ठेवायला माणूस शोधत हिंडायची वेळ आली. पनवेलची गर्दी एका आठवड्यात पांगली. बॉस मला म्हणाले, "तुझ्या त्या शिळफाट्याच्या बाईंकडे जाऊ. तिथे माल खपेल."

आम्ही दोघं गेलो. वैशालीताईंनी स्टूल दिलं, चहा मागवला. बॉसनी पोस्टर उलगडलं, नवी स्कीम सांगितली, पुढचा काचेचा कप्पा आम्हाला द्या म्हणाले.

वैशालीताईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "साहेब, सध्या जागा नाय. बऱ्याच कंपन्या मागतायत. तुमचं नाव घेऊन ठेवते. झाली की कळवते."

"साधारण कधी होईल?"

"तसं नाय सांगता येणार."

मी त्या कप्प्याकडे बघितलं. तो रिकामा होता. मी चहा प्यायला लागले.

ठाण्यापर्यंत बॉस अस्वस्थ. त्या आठवड्यात त्यांनी मला चार वेळा विचारलं की बाईंचा काही निरोप आला का, आणि दुसऱ्या कंपनीने किती कमिशन देऊ केलंय. मी दर वेळी माहीत नाही म्हटलं, आणि ते खरंच होतं. शेवटी त्यांनी स्वतःहून आमचं कमिशन दीडपट केलं. तेव्हा वैशालीताईंकडे जागा झाली.

त्या इन्व्हाइटच्या स्कीमवर कंपनीने मोठा खर्च केला होता. माझ्या दोन तालुक्यांत तिचा फायदा झालेली एकच व्यक्ती मला माहीत आहे, आणि तिला कुणी ट्रेनिंग दिलं नव्हतं.